अरुंद धमनीतला रक्तप्रवाह संगणकावर कसा मांडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मॉडेल म्हणजे नेमके काय असते?

रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआय चित्रांवरून धमनीची आतली पोकळी त्रिमितीत उभी करायची, ती लाखो बारीक तुकड्यांत विभागायची आणि प्रत्येक तुकड्यात रक्ताचा वेग व दाब किती असेल हे समीकरणे सोडवून काढायचे. हाती येतो तो हृदयाच्या एका ठोक्याचा क्षणाक्षणाचा नकाशा. रक्त कुठे सुसाट जाते, कुठे घुटमळते, कुठे उलटे फिरते, अरुंद जागेपलीकडे दाब किती उरतो आणि भिंतीला रक्त किती जोराने घासते, हे सगळे त्यात दिसते. यातल्या बऱ्याच गोष्टी जिवंत माणसाच्या धमनीत मोजता येत नाहीत. ज्या येतात त्यांच्यासाठी धमनीत तार सरकवावी लागते.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टात '७० टक्के ब्लॉक' असे स्पष्ट लिहिलेले असते. मग मॉडेल कशाला?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ते ७० टक्के कशाचे, हे पाहा. हृदयाच्या धमन्यांत ही टक्केवारी सहसा व्यासाची असते. व्यास ७० टक्क्यांनी घटला तर क्षेत्रफळ ९१ टक्क्यांनी घटलेले असते. व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी. त्यामुळे एकाच अडथळ्याला एक जण ५० म्हणतो, दुसरा ७५, आणि दोघेही खरे बोलत असतात. मानेतल्या कॅरोटिड धमनीत तर तुलना कशाशी करायची यावरूनच दोन पद्धती पडल्या. अमेरिकी पद्धत पुढच्या निरोगी भागाशी तुलना करते, युरोपीय पद्धत त्या जागी धमनी मुळात किती रुंद असावी या अंदाजाशी. एकीचे ५० टक्के म्हणजे दुसरीचे साधारण ७०.

पण खरी अडचण वेगळीच आहे. टक्केवारी फक्त आकार सांगते, आणि रुग्णाला त्रास होतो तो स्नायूला रक्त कमी पडल्यामुळे. अडथळा लांब आहे की आखूड, एकापाठोपाठ दोन आहेत का, ती शाखा हृदयाच्या केवढ्या भागाला रक्त पुरवते, यांतले काहीच त्या एका आकड्यात येत नाही.

याची तपासणी झालेली आहे. अडथळ्यापलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब, तोही औषधाने रक्तप्रवाह कमाल वाढवून मोजलेला, या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. ते ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा खरोखर रक्त अडवतो असे धरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' चाचणीत एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले १००५ रुग्ण होते. निम्म्यांना अँजिओग्राफीत दिसले त्यावरून स्टेंट बसवले, निम्म्यांना एफएफआर मोजून. दुसऱ्या गटात सरासरी स्टेंट कमी लागले (२.७ ऐवजी १.९) आणि वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा धमनी पुन्हा मोकळी करावी लागणे यांचे एकत्रित प्रमाणही १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आले. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात दिसले की डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या अडथळ्यांपैकी फक्त ३५ टक्के खरोखर रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्के वाटणाऱ्यांपैकी ८० टक्के. म्हणजे मधल्या पट्ट्यात अनुभवी नजरही चुकते, आणि बहुतेक अवघड निर्णय याच पट्ट्यात घ्यावे लागतात. मॉडेलचे काम इथे सुरू होते.

नळी निम्मी झाली की प्रवाह निम्मा होतो, एवढे साधे नाही का?

नाही. झां प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या दशकात बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करून दाखवले, की विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळापट. तृतीयांश झाली तर एक्याऐंशीपट.

एक हिशेब करून बघू. ३ मिलिमीटर व्यासाची धमनी, त्यातून सेकंदाला १ मिलिलिटर रक्त. एक सेंटिमीटर लांबीत घर्षणामुळे दाब घटतो तो ०.१३ मिलिमीटर पारा, म्हणजे जवळपास काहीच नाही. आता तोच एक सेंटिमीटरचा भाग १ मिलिमीटर व्यासाचा करा. घट सुमारे ११ मिलिमीटर पारा होते. पण हिशेब इथे संपत नाही, आणि प्वाझयचा नियम एकटा पुरतही नाही. अरुंद जागेत रक्ताचा वेग नऊपट होतो, सेकंदाला साधारण १.३ मीटर. पलीकडे नळी एकदम रुंद झाली की हा झोत पसरतो, कडेला भोवरे तयार होतात आणि झोतातली ऊर्जा त्यांत विरते. ती दाब म्हणून परत मिळत नाही. यात आणखी ७ मिलिमीटर पारा जातात. एकूण १८. माणूस स्वस्थ बसलेला असेल तर हे सहज चालून जाते.

आता तो जिना चढतो. स्नायूला तिप्पट रक्त हवे. घर्षणाची घट तिप्पट होते, ३२. झोताची घट मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे नऊपट: ६३. बेरीज ९५ मिलिमीटर पारा. महाधमनीत सरासरी दाबच १०० च्या आसपास, मग पलीकडे उरले काय? अर्थात एवढा प्रवाह प्रत्यक्षात होतच नाही. तो मधेच कुठेतरी अडतो, आणि छातीत दुखू लागते.

लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हेच दाखवले होते. व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत विश्रांतीतला प्रवाह कमी होत नाही, कारण पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन भरपाई करतात. कमाल प्रवाह मात्र व्यास निम्मा होण्याच्या आसपासच घसरू लागतो. म्हणून विश्रांतीतले मॉडेल करून 'अडथळा निरुपद्रवी' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

संगणक सोडवतो ती समीकरणे कोणती?

नेव्हिए-स्टोक्स समीकरणे. नेव्हिए यांनी ती १८२२ मध्ये मांडली, स्टोक्स यांनी १८४५ मध्ये आजच्या रूपात पक्की केली. आशय सरळ आहे: रक्ताचे वस्तुमान कुठे हरवत नाही, आणि रक्ताच्या प्रत्येक कणाचा संवेग दाब व घर्षण यांच्यामुळेच बदलतो. धमनीचा खरा आकार घेतला की ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून संगणक.

दर वेळी त्रिमितीय मॉडेलच हवे असे नाही. पूर्ण धमनीवृक्षातली दाबलहर पाहायची असेल तर एकमितीय मॉडेल पुरते; त्याची समीकरणे ऑयलर यांनी १७७५ मध्येच लिहिली होती. याहून साधे म्हणजे विजेच्या परिपथासारखे मॉडेल: दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट.

रक्त पाण्यासारखे नसते. मॉडेलमध्ये ते कसे धरतात?

रक्त संथ असते तेव्हा तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि ते दाट होते. वेग वाढला की चळती सुटतात आणि ते पातळ होते. मोठ्या धमन्यांत वेग पुरेसा असतो, त्यामुळे श्यानता (दाटपणाचे माप) ३.५ मिलिपास्कल-सेकंद आणि घनता घनमीटरला १०६० किलो धरून बहुतेक कामे निभतात. अडथळ्यामागच्या भोवऱ्यात रक्त रेंगाळते, तिथे मात्र वेगानुसार दाटपणा बदलू देणारे कॅरो किंवा कॅसन यांचे मॉडेल घ्यावे. फरक दाबात फारसा पडत नाही, भिंतीवरच्या घर्षणात पडतो. ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांत तर वेगळाच प्रकार दिसतो: पेशी मधोमध सरकतात, कडेला प्लाझ्मा उरतो आणि रक्त आणखी पातळ असल्यासारखे वागते. फोरेयस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये हे नोंदवले. हृदयाच्या मुख्य धमन्यांच्या मॉडेलमध्ये याची गरज पडत नाही.

जाळी किती बारीक हवी?

जाळी म्हणजे पोकळीचे ते बारीक तुकडे. उत्तर बदलायचे थांबेपर्यंत ते बारीक करायचे. पाच लाख तुकड्यांवर सोडवा, मग दहा, मग वीस. तुम्हाला हवी असलेली राशी एक-दोन टक्क्यांहून जास्त हलत नसेल तर थांबा. दाब लवकर स्थिरावतो. भिंतीवरचे घर्षण उशिरा स्थिरावते, कारण ते वेगाच्या उताराचे माप आहे. म्हणून भिंतीलगत पातळ थर वेगळे घालावे लागतात. काळाचेही तसेच: एक ठोका हजार पावलांत विभागायचा, आणि पहिले दोन-तीन ठोके टाकून द्यायचे, कारण त्यांत सुरुवातीच्या अंदाजाचा ठसा असतो.

मॉडेल कुठे सर्वांत जास्त चुकते?

टोकांना. या पानावरचे एवढे एक उत्तर लक्षात राहिले तरी पुरे, असे मला मनापासून वाटते.

सीटीमध्ये एक ते दीड मिलिमीटरपेक्षा बारीक शाखा नीट दिसत नाहीत, म्हणून आपण धमनी तिथे कापतो. पण शरीर तिथे संपत नाही. पुढे हजारो सूक्ष्म वाहिन्या आहेत आणि प्रवाहाला खरा विरोध त्यांचाच आहे. कापलेल्या टोकावर संगणकाला काय सांगायचे? ज्याला सीमा-अट म्हणतात ती हीच.

मी सुरुवातीला केलेल्या एका मॉडेलमध्ये सगळ्या टोकांना सारखाच दाब दिला होता. जाळी उत्तम, चित्रे देखणी. प्रवाहाची वाटणी पाहिली तेव्हा लक्षात आले, की जी शाखा मी आखूड कापली होती तिच्यातूनच जास्त रक्त जात होते. म्हणजे रक्त कुठे जावे हे शरीर ठरवत नव्हते, माझी कात्री ठरवत होती. जाळीवर घालवलेले तीन आठवडे त्या एका ओळीने वाया गेले. त्यानंतर कुणाचेही काम तपासायला आले की मी आधी टोके पाहतो, रंगीत चित्रे मागाहून.

सारखा दाब देणे ही अडथळ्याच्या मॉडेलमध्ये विशेष घातक चूक आहे. टोकाचा दाब आपणच ठरवून दिला तर अडथळ्यामुळे दाब किती घटला हे मॉडेल सांगणार कसे? उत्तर आपणच प्रश्नात लिहून ठेवलेले असते.

मग करायचे काय? प्रत्येक टोकाला पुढच्या वाहिन्यांचा विरोध आणि लवचिकपणा जोडायचा. याला विंडकेसल मॉडेल म्हणतात. ऑटो फ्रांक यांनी १८९९ मध्ये ते गणितात मांडले. जुन्या अग्निशामक पंपात हवेचा एक कप्पा असे. पंपाचे धक्के तो गिळून घेई आणि पाणी सलग बाहेर पडे. आपल्या मोठ्या धमन्या हृदयाच्या ठोक्यांचे तेच करतात. एकूण विरोध रुग्णाच्या रक्तदाबावरून आणि एकूण प्रवाहावरून काढतात, मग तो शाखांच्या व्यासानुसार वाटतात. या वाटणीला सेसिल मरे यांच्या १९२६ च्या नियमाचा आधार घेतात: प्रवाह त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. सावधगिरी एवढीच, की त्रिज्या निरोगी भागातली घ्यायची.

हृदयाच्या धमन्यांत आणखी एक पेच आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या आवळतो, त्यामुळे डाव्या धमनीत बहुतेक रक्त हृदय शिथिल असताना वाहते. टोकाच्या अटीत हा बाहेरचा दाब घातला नाही तर आलेख उलटाच येतो.

चित्रातल्या चुकीचा परिणाम किती?

वरच्या उदाहरणातला १ मिलिमीटर व्यास प्रत्यक्षात १.२ असेल तर घर्षणाचा विरोध निम्मा होतो. चूक फक्त दोन दशांश मिलिमीटरची, आणि सीटीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. कॅल्शियमचे खडे चित्रात आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, त्यामुळे पोकळी खोटी अरुंद भासते. चित्र शक्य तितके स्पष्ट यावे म्हणून सीटीआधी नाडी संथ करणारे औषध आणि धमन्या सैल करणारे नायट्रोग्लिसरिन देतात. धमनी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवणारा माणूस मॉडेलच्या अचूकतेत समीकरणांइतकाच वाटेकरी आहे. एकच आकडा न देता व्यास थोडा कमी-जास्त करून उत्तराची पट्टी द्यावी, असा माझा आग्रह असतो.

धमनीची भिंत लवचिक धरावी का?

एफएफआर हवे असेल तर ताठ भिंत चालते. दाबलहरीचा वेग, महाधमनी किंवा भिंतीतला ताण हवा असेल तर चालत नाही. लवचिक भिंतीसाठी तिचे गुणधर्म लागतात आणि ते रुग्णागणिक क्वचितच माहीत असतात. अंदाजाने भरलेली लवचिकता प्रामाणिक ताठपणापेक्षा चांगली ठरेलच असे नाही.

'शिअर स्ट्रेस'ची एवढी चर्चा का असते?

रक्त वाहताना भिंतीवरून हात फिरवल्यासारखे जे घर्षणबल लावते, ते म्हणजे भिंतीवरचा शिअर स्ट्रेस. निरोगी धमनीत तो साधारण १ ते २ पास्कल असतो. रक्तदाबाच्या तुलनेत नगण्य, पण भिंतीच्या आतल्या पेशींना तो जाणवतो आणि त्या त्यानुसार वागतात.

यावर एक मोठा वाद झाला. डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांच्या महाधमनीत दाखवले, की सुमारे ४० पास्कलला आतल्या पेशी जखमी होतात. म्हणून जास्त घर्षण हेच रोगाचे मूळ असावे. पुढच्याच वर्षी कारो आणि सहकाऱ्यांनी नेमके उलट मांडले: मृत व्यक्तींच्या धमन्यांत सुरुवातीची चरबी कमी घर्षणाच्या जागी साचलेली दिसते. १९८५ मध्ये कू, गिडन्स, झरिन्स आणि ग्लॅगव्ह यांनी कॅरोटिड धमनीच्या फुगीर भागात कारोंच्या बाजूचा भक्कम पुरावा दिला, आणि घर्षण कमी असण्याबरोबरच त्याची दिशा ठोक्यागणिक पालटणे हेही घातक असल्याचे दाखवले. रोग फाट्यांवर आणि वळणांवरच का जडतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. कोलेस्टेरॉल तर सगळ्या धमन्यांतून सारखेच फिरत असते.

तरी फ्राय यांचा आकडा निरर्थक ठरला नाही. आपल्या ३ मिलिमीटरच्या धमनीत घर्षण १.३ पास्कल येते; ती १ मिलिमीटरची झाली की सत्तावीसपट, म्हणजे सुमारे ३५. एवढ्या घर्षणात फॉन विलेब्रांट घटक नावाचे गुंडाळलेले प्रथिन उलगडते आणि बिंबाणू त्याला चिकटू लागतात. म्हणजे रोग जडतो कमी घर्षणाच्या जागी, आणि अडथळा तयार झाल्यावर त्याच्या गळ्याशी, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, जास्त घर्षण गुठळीची तयारी करते. एकाच अडथळ्याच्या दोन टोकांना दोन वेगळे धोके. मॉडेलमधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नकाशा हाच आहे.

अडथळ्यापुढचा प्रवाह खळबळाट करतो का?

सरळ नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट, याचे माप) २००० च्या वर गेला की प्रवाह बिघडतो. आपल्या उदाहरणात तो गळ्याशी विश्रांतीत ३८५, जोराच्या श्रमात ११५५. पण झोत पसरताना तो याहून बराच आधी डळमळू शकतो. कॅरोटिडवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर येणारी सळसळ त्यातूनच येते. अशा वेळी सरासरी काढणारी खळबळाटाची साधी मॉडेले फसवतात. बारीक जाळी घेऊन थेट सोडवणे बरे.

सीटीवरून काढलेले एफएफआर दवाखान्यात खरोखर वापरतात का?

हो. चार्ल्स टेलर आणि ख्रिस्तोफर झरिन्स यांनी सुरू केलेल्या हार्टफ्लो कंपनीच्या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१७ मध्ये तिच्या वापराची शिफारस केली. हृदयाच्या स्नायूचे वजन सीटीवरून काढायचे, त्यावरून विश्रांतीतला एकूण प्रवाह ठरवायचा, शाखांच्या आकारावरून टोकांचे विरोध वाटायचे आणि औषधाचा परिणाम म्हणून ते विरोध साधारण चौथाईवर आणायचे. पुन्हा सगळा खेळ टोकांचाच. आकडा ०.९० किंवा ०.६५ असेल तर भरवसा चांगला; ०.७५ ते ०.८० च्या आसपास तारेने मोजून खात्री करणे रास्त. रिपोर्टात ०.७८ दिसले म्हणून स्वतःच निष्कर्ष काढू नका. लक्षणे आणि बाकीच्या तपासण्या समोर असलेल्या हृदयरोगतज्ज्ञांशीच बोला.

झटका कधी येणार हे मॉडेल सांगेल का?

नाही. बरेच झटके प्लाकवरची, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरावरची, पातळ टोपी फाटल्याने येतात. धोकादायक टोपी ६५ मायक्रोमीटरपेक्षा पातळ असते. सीटीला ती दिसतच नाही. शिवाय ग्लॅगव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवल्याप्रमाणे प्लाक वाढते तशी धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि पोकळी बराच काळ तशीच राहते. पोकळी ठीक म्हणजे भिंत ठीक, असे म्हणता येत नाही.

आता एआय हे सगळे काही सेकंदांत करते म्हणतात?

शिकवलेल्या नमुन्यांसारखी धमनी असेल तर करते. काही पद्धती तर नेव्हिए-स्टोक्स समीकरणेच शिकण्याच्या अटीत घालतात, आणि त्या मला आशादायक वाटतात. पण त्यांनाही टोकाची अट कुणीतरी द्यावीच लागते.

मला हे शिकायचे आहे. सुरुवात कुठून करू?

सिमव्हॅस्क्युलर आणि ओपनफोम ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. रुग्णाच्या धमनीला लगेच हात घालू नका. आधी सरळ नळी घ्या आणि उत्तर प्वाझयच्या सूत्राशी जुळते का पाहा. नाही जुळले तर पुढे जाऊ नका. मग तिच्यात गुळगुळीत खोलगट अडथळा घाला, प्रवाह दुप्पट करा आणि दाबातली घट दुपटीहून किती जास्त वाढते ते मोजा. त्यानंतर दोन फाट्यांची नळी घ्या, दोन्ही टोकांना विरोध जोडा आणि एका टोकाचा विरोध २० टक्क्यांनी बदला. अडथळ्याला हात न लावता त्याच्यापलीकडचा दाब किती हलला, ते वहीत लिहून ठेवा.